चार्जर बिघडलेला नाही, त्याला पुरेशी वीज मिळत नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. त्यांनी रेडिओ-कंट्रोल विमानांसाठी २०० वॅटचा डीसी चार्जर घेतला. त्यावर इनपुट ११ ते १८ व्होल्ट असं छापलंय आणि सोबत अडॅप्टर काही आला नाही. म्हणून घरात पडून असलेला सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर त्यांनी जोडला. ट्रेनर विमानाची ३एस (म्हणजे तीन सेलची) २२०० एमएएचची बॅटरी त्यावर व्यवस्थित चार्ज होते. मोठ्या विमानाची ४एस ५००० ची लावली की मिनिटाभरात बीप वाजतो आणि पडद्यावर ‘इनपुट व्होल्टेज लो’ येतं. शिवाय अनवाणी उभं राहून चार्जरच्या पत्र्याला बोट लावलं की झिणझिण्या येतात. दुकानदार म्हणतो ३० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे १२ व्होल्ट करणारा पॉवर सप्लाय, घ्या. मित्र म्हणतो जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय फुकटात होईल. वडील म्हणतात, घरात इन्व्हर्टरची एवढी मोठी बॅटरी आहे, तिच्यावरच लावा की. यातलं बरोबर कोण, आणि चार्जर परत करावा का, असं त्यांनी विचारलंय.

चार्जर परत करू नका. त्यात बिघाड नाही. बाकी तिघांपैकी कोण बरोबर हे तुमच्या घरावर ठरेल. घरात अर्थिंग खरं आहे का, लाईट किती वेळा जाते, आणि पुढे किती मोठ्या बॅटऱ्या घेणार आहात, या तीन गोष्टी कळल्याशिवाय छातीठोकपणे ‘अमुकच घ्या’ असं मी सांगणार नाही. मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत, मशिनांच्या कंट्रोल पॅनेलची दुरुस्ती करतो, त्यामुळे पॉवर सप्लाय रोज हातात असतात. विमानं उडवायला लागलो त्यालाही आता बरीच वर्षं झाली. या दोन्हीतून जे शिकलो ते सविस्तर सांगतो.

आधी ‘लो व्होल्टेज’चं कोडं सोडवू. विमानांच्या या लिथियम-पॉलिमर, म्हणजे लिपो, बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट होतो. म्हणजे ४एस बॅटरी भरताना शेवटी १६.८ व्होल्टला पोचते. ५००० एमएएचची बॅटरी १सी ने, म्हणजे साधारण तासाभरात भरेल अशा करंटने, भरायची म्हणजे ५ अँपिअर. १६.८ गुणिले ५, झाले ८४ वॅट. चार्जर स्वतः गरम होतो, त्यात थोडी वीज जाते. साधारण ८५ टक्के पुढे पोचते असं धरा. म्हणजे चार्जरला मागून जवळजवळ १०० वॅट हवेत. १२ व्होल्टवर १०० वॅट म्हणजे ८ अँपिअरपेक्षा थोडं जास्त. तुमचा अडॅप्टर देऊ शकतो ५ अँपिअर, म्हणजे ६० वॅट. चार्जर करंट हळूहळू वाढवत नेतो, अडॅप्टरची ताकद संपते, त्याचे व्होल्ट कोसळतात आणि ११ च्या खाली गेले की चार्जर थांबतो. थांबतो तेच योग्य आहे.

आता लहान बॅटरीचा हिशोब करा. १२.६ गुणिले २.२, म्हणजे २८ वॅट. मागून लागतात ३३ वॅट, पावणेतीन अँपिअर. ते ५ अँपिअरच्या अडॅप्टरला सहज झेपतं. म्हणूनच एक बॅटरी चालते आणि दुसरी चालत नाही.

पैसे न खर्चता आज रात्रीच करता येईल असा उपाय यातच आहे. ४एस बॅटरी लावाल तेव्हा चार्ज करंट ५ ऐवजी २.५ अँपिअर ठेवा. मागून ५० वॅट लागतील, अडॅप्टर टिकेल. वेळ दुप्पट लागेल, दोन तासांच्या आसपास. बॅटरीचं त्यात काही नुकसान नाही, हळू चार्ज केलेली लिपो कुरकुर करत नाही. काही चार्जरच्या सेटिंगमध्ये इनपुट पॉवरची मर्यादा ठरवता येते. तुमच्यात ती सोय असेल तर ५० वॅटला बांधून टाका, मग चुकून जास्त करंट निवडला तरी चार्जर स्वतःच आवरेल. रविवारी सकाळी उडवायचं आणि शनिवारी रात्री चार्ज करायचं, एवढाच उद्योग असेल तर खरं तर नवीन काही घ्यायची घाईसुद्धा नाही.

पण तुम्ही २०० वॅटचा चार्जर घेतलाय म्हणजे पुढचा विचार केलेला दिसतो. तो पूर्ण ताकदीने चालवायचा तर २०० भागिले ०.८५, म्हणजे मागून २३५ वॅट हवेत, १२ व्होल्टवर जवळजवळ २० अँपिअर. इथे दुकानदाराचं म्हणणं योग्य आहे. एलईडी पट्ट्या आणि बोर्डवाले वापरतात तो जाळीदार पत्र्याच्या डब्यातला १२ व्होल्ट ३० अँपिअरचा, ३६० वॅटचा एसएमपीएस तुम्हाला पुरून उरेल. २० लागतात तर ३० का, असं विचाराल. लेबलवरच्या आकड्यावर कुठलाही सप्लाय तासन्‌तास चालवायचा नसतो. स्वस्तातल्या मालात तो आकडा उदार मनाने छापलेला असतो. आणि एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली किंवा माळ्यावर एवढं तापतं की चांगल्या कंपनीचा सप्लायही कमी भारावर चालवावा लागतो. दोन-तृतीयांश भारावर ठेवलात तर वर्षानुवर्षं बघायला नको.

३० अँपिअर हा आकडा ऐकून घरचे घाबरतात आणि गिझरच्या मोठ्या प्लगवर लावा म्हणतात. तशी गरज नाही. ते ३० अँपिअर १२ व्होल्टच्या बाजूचे आहेत. २३० व्होल्टच्या बाजूने हा सप्लाय पूर्ण भारावरसुद्धा ३ अँपिअरच्या आसपासच घेतो. साधा ६ अँपिअरचा बोर्ड चालतो. फक्त त्याची तिसरी पिन, अर्थची, जिवंत पाहिजे. त्याबद्दल पुढे बोलतो.

सप्लाय हातात आला की पहिलं काम, बाजूच्या जाळीतून आत बघा. बऱ्याच सप्लायमध्ये ११०/२२० चा एक छोटा लाल स्विच असतो. तो २२० किंवा २३० कडे आहे याची खात्री केल्याशिवाय प्लगला हात लावायचा नाही. एकदा घाईत मी हे बघायचं विसरलो. स्विच ११० वर होता. त्या जागेवर आतली सर्किट व्होल्ट दुप्पट करते. २०० व्होल्टच्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट आले, बंदुकीसारखा आवाज झाला आणि खोलीभर धूर. माझा चेहरा जाळीपासून दोन फुटांवर होता. तेव्हापासून नवीन सप्लाय आला की मी आधी टॉर्चच्या उजेडात तो स्विच बघतो, मग बाकीचं.

दुसरं काम, मल्टिमीटर लावून व्होल्ट बघा. टर्मिनलच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने व्होल्ट थोडे वर-खाली होतात. मी १३.२ वर ठेवतो. चार्जरच्या १८ च्या मर्यादेत ते आरामात बसतं आणि वायरमध्ये थोडे व्होल्ट पडले तरी चार्जर ११ च्या जवळ जात नाही.

वायरवरून आठवलं, इथे बहुतेक जण फसतात. नवा ३० अँपिअरचा सप्लाय आणतात, घरात असलेली बारीक वायर दोन मीटर ओढतात आणि पुन्हा तीच ‘लो व्होल्टेज’ची तक्रार घेऊन येतात. हिशोब बघा. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, दोन मीटर जायला आणि दोन मीटर यायला, मिळून चार मीटर. तिचा रोध साधारण ०.०७ ओहम. त्यातून २० अँपिअर गेले तर १.४ व्होल्ट वायरमध्येच संपतात. सप्लायला १२ असतील तर चार्जरला मिळतात १०.६. म्हणजे सप्लाय चांगला, चार्जर चांगला, आणि तरी बीप. शिवाय २८ वॅटची उष्णता त्या वायरीत. तीच जोडणी ४ चौरस मिलिमीटरच्या अर्धा मीटर वायरीने केली तर नुकसान एक दशांश व्होल्टच्याही आत येतं. म्हणून १२ व्होल्टची वायर जाड आणि आखूड ठेवायची. लांबी हवी असेल तर ती २३० व्होल्टच्या बाजूला घ्या.

वायरीची टोकं नुसती पिळून स्क्रूखाली दाबू नका. फोर्क लग (दोन दातांचं धातूचं टोक) आणून क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा. सप्लायला प्लसचे दोन-तीन आणि मायनसचे दोन-तीन स्क्रू असतात, ते आत एकच असतात. १५ अँपिअरच्या वर जायचं असेल तर दोन-दोन वायरी घेऊन भार वाटून द्या. २३० व्होल्टचे स्क्रू त्याच पट्टीवर शेजारी उघडे असतात, त्यावरचं प्लॅस्टिकचं झाकण काढून फेकू नका. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर सप्लाय हवा खेळती राहील अशा पेटीत बसवा आणि बाहेर फक्त १२ व्होल्टचं एक्सटी-६० कनेक्टर काढा. माझ्याकडे प्लायवूडची पेटी आहे, दोन्ही बाजूंना भोकं आणि आत पंख्यासमोर चार बोटं जागा.

एक इशारा आपल्या भागासाठी. उद्यमबागेत जुन्या मशिनांचे पॅनेल भंगारात निघतात आणि त्यातले उत्तम दर्जाचे एसएमपीएस स्वस्तात मिळतात. मोह होतोच. पण पॅनेलचे सप्लाय जवळजवळ सगळे २४ व्होल्टचे असतात. तुमच्या चार्जरची मर्यादा १८ आहे. २४ लावलेत तर चार्जर त्याच क्षणी जाईल, आणि तो दुरुस्तीलायक राहीलच असं नाही. ज्यांच्या चार्जरवर ३० व्होल्टपर्यंत इनपुट लिहिलंय त्यांना मात्र २४ चा सप्लाय फार चांगला, तेवढ्याच वॅटला करंट निम्मा आणि वायरीही हलक्या. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरचंही तेच. तो तुम्हाला एका व्होल्टने नाही चालणार. आणि गॅरेजमध्ये गाडीच्या बॅटरीला लावतात तो जुना ट्रान्सफॉर्मरचा चार्जर तर अजिबात नको. त्यातून सपाट डीसी येत नाही, ठोके येतात, आणि त्यांचं टोक १२ च्या खूप वर जातं.

आता झिणझिण्या. तुम्ही हे प्रश्नाच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय. मला मात्र सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटलं.

एसएमपीएस जातीच्या प्रत्येक सप्लायमध्ये रेडिओचा गोंगाट थांबवायला २३० च्या बाजूकडून दुसऱ्या बाजूला अगदी छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. सीसीटीव्हीचा अडॅप्टर दोन पिनांचा, त्याला अर्थ नाहीच. त्यामुळे १२ व्होल्टची मायनस वायर आणि तिच्यामार्फत चार्जरचा पत्रा, जमिनीच्या तुलनेत शंभरेक व्होल्टवर तरंगत राहतो. टेस्टर लावलात तर त्यातला दिवा मंद पेटेल. यातून वाहणारा करंट अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत असतो, त्याने माणूस दगावत नाही. कोरड्या पायतणात तो जाणवतही नाही. ओल्या फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर अनवाणी उभं राहिलं की झिणझिणतं. पावसाळ्यात तुमच्याकडे ओल कधी जात नाही, तेव्हा तर जास्तच.

पण या निरुपद्रवी झिणझिण्या आणि आतलं इन्सुलेशन तुटल्यामुळे येणारा खरा शॉक, यांची सुरुवात बोटाला सारखीच लागते. म्हणून ‘सवय झाली’ म्हणून सोडून देऊ नका. आणि आता लक्ष द्या. पत्र्याच्या डब्यातला मोठा एसएमपीएस अर्थशिवाय लावलात तर त्याचा अख्खा डबा असाच तरंगतो. उद्या आत एखादा धागा सुटून डब्याला टेकला, तर डब्यावर सरळ २३० येतात. अर्थ असेल तर त्याच क्षणी एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) किंवा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की पडणारा स्विच) पडतो. अर्थ नसेल तर कुणीतरी हात लावेपर्यंत कळत नाही.

जुन्या कौलारू घरांत मी हेच बघत आलोय. बोर्डवर तीन भोकं असतात, वरच्या भोकात वायरच नसते. किंवा वायर असते, ती अंगणात एका गंजक्या सळईला बांधलेली असते. तुमच्याकडची जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठाक पडते, आणि अर्थिंगचा खड्डा पाण्याशिवाय मेलेलाच. गोकाक-अथणीकडच्या काळ्या जमिनीत ओल टिकते, तिथे हे तेवढं जाणवत नाही.

तपासायचं कसं? फेज आणि अर्थमध्ये मीटर २३० दाखवतो म्हणून समाधान मानू नका. मीटरला नखाएवढा करंट पुरतो, मोडकं अर्थिंगही त्याला २३० दाखवतं. वायरमनला बोलवा आणि फेज व अर्थमध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब लावून बघायला सांगा. बल्ब लख्ख पेटला तर अर्थ जवळजवळ अर्धा अँपिअर ओढतंय हे कळतं. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर खड्डा नव्याने करायचा. घरात आरसीसीबी असेल तर या चाचणीत तो पडेल. पडला तर अर्थची वायर निदान जमिनीपर्यंत पोचते एवढं कळलं. किती चांगलं पोचते ते मात्र वायरमनकडच्या अर्थ टेस्टरनेच कळेल. ही चाचणी स्वतः करू नका, उघड्या वायरीशी खेळ आहे. नवा खड्डा केलात तर कोळसा-मीठ घालून त्यात पाणी ओतायला एक नळीचा तुकडा वर ठेवा, आणि मार्चपासून आठवड्याला बादलीभर पाणी टाकत जा. बोर्डमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देणारे वायरमन अजून भेटतात. तसं करू देऊ नका. न्यूट्रल कुठे सुटला तर घरातल्या प्रत्येक पत्र्यावर फेज येईल.

आरसीसीबी नसेल तर ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्या. हा खर्च चार्जरसाठी म्हणून धरू नका, घरासाठी धरा.

इथपर्यंतचं थोडक्यात: अडॅप्टर वॅटमध्ये कमी पडतोय म्हणून बीप, अर्थ नाही म्हणून झिणझिण्या. दोन वेगळे आजार आहेत आणि मोठा सप्लाय आणल्याने दुसरा बरा होणार नाही, उलट वाढेल.

मित्राच्या कॉम्प्युटर सप्लायबद्दल फार लिहीत नाही. तो चालतो. मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडली की सुरू होतो, पिवळ्या वायरी १२ व्होल्ट, काळ्या मायनस. लेबलवर एकूण वॅट बघू नका, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. जुन्या सप्लायमध्ये तो आकडा १५-१६ च्या आसपास असतो, म्हणजे तुमची ५ अँपिअरची गरज भागेल, २०० वॅट भागणार नाहीत. आणि जुन्यांमध्ये ५ व्होल्टवर काही भार नसेल तर १२ चे व्होल्ट खाली घसरतात. लाल आणि काळीमध्ये ४.७ ओहमचा १० वॅटचा रेझिस्टर लावून पत्र्याला कसला की ते सावरतं. सगळ्या पिवळ्या वायरी एकत्र घ्या, एकीवर भार टाकू नका. डबा उघडून आत सोल्डर करायचा बेत असेल तर मात्र नको म्हणेन. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट बराच वेळ राहू शकतात. शिकायला म्हणून चांगला प्रयोग आहे. कायमचा सप्लाय म्हणून मी पहिली पसंती देणार नाही.

वडिलांची सूचना मला मनापासून आवडली. आपल्याकडे, विशेषतः गावात, मृगापासून ते गणपतीपर्यंत लाईटचा भरवसा नसतो. चार्जिंग अर्धवट राहतं. आणि घरात १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी १२ व्होल्ट घेऊन बसलेली असते. तुमच्या चार्जरला नेमकं हेच हवंय. वापरलेली ४एस ५००० पुन्हा भरायला तिच्यातून साधारण ६ अँपिअर-तास जातात. निम्म्यापर्यंतच उतरवायची म्हटलं तरी हिशोबात डझनभर बॅटऱ्या निघतात. घरातले दिवे-पंखे चालायला हवेत म्हणून मी तीन-चारच्या पुढे जाणार नाही. इन्व्हर्टरच्या प्लगमध्ये एसएमपीएस लावून तेच काम करू नका. १२ चे २३० आणि २३० चे पुन्हा १२, दोन्हीकडे वीज वाया जाते. काही इन्व्हर्टरची चौकोनी लहर प्रत्येक सप्लायला मानवतेच असंही नाही.

थेट बॅटरीवर लावायचं तर चार गोष्टी सांभाळा, आणि यात तडजोड नको.

पहिली, इन्व्हर्टर एका बॅटरीचा आहे का दोन, ते बघा. दोन बॅटऱ्यांचा असेल तर तो २४ व्होल्टचा. पूर्ण घेतलात तर चार्जर जळेल. दोनपैकी एकीवरून १२ घेतलेत तर ती एकटी उतरत जाईल, तिची जोडीदार जास्त भरली जाईल, आणि दोन्ही लवकर मरतील. दोन बॅटऱ्या असतील तर हा मार्ग विसरा.

दुसरी, फ्यूज. प्लसच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात गाडीचा पातीचा २५ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट बसवा. या बॅटरीला शॉर्ट झाला तर शेकडो अँपिअर येतात, पाना लाल होतो, वायर पेटते. काम करताना हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा.

तिसरी, ठिणगी. ही बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. टर्मिनलवर क्लिप टेकवली की चार्जरचे कपॅसिटर भरताना चट्‌कन ठिणगी उडते, आणि ती बॅटरीच्या झाकणाजवळ नको. म्हणून वायर, फ्यूज आणि एक्सटी-६० कायमचे बोल्टखाली कसून ठेवा आणि जोडणी-तोडणी नेहमी लांबच्या टोकाला, चार्जरपाशी करा. खोलीची खिडकी उघडी. मी स्वतः इन्व्हर्टर चार्ज करत असताना हे लावत नाही, मेन बंद करून लावतो.

चौथी, चार्जरच्या सेटिंगमध्ये इनपुटची खालची मर्यादा ११.८ वर ठेवा. मग घरची बॅटरी फार उतरायच्या आत चार्जर आपणहून थांबेल. रात्री लाईट गेल्यावर अंधारात बसलेल्या आईची बोलणी खायला लागणार नाहीत.

बॅटरीवर चालवण्याचा आणखी एक फायदा आहे. त्या दोन पिनांच्या अडॅप्टरशी संबंध नसल्यामुळे झिणझिण्या बहुधा बंद होतील. अर्थिंगचं काम होईपर्यंत हाच रस्ता मी सुचवेन.

गावातल्या व्होल्टेजबद्दल थोडं. संध्याकाळी पंप सुरू झाले की १७०-१८० वर येतं, मध्यरात्री २५० च्या पुढे जातं. बेळगावच्या वडगावात लूमच्या गल्लीत दिवे दिवसभर लुकलुकतात. ९० ते २६४ व्होल्ट चालणारा सप्लाय मिळाला तर तोच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. त्यात तो ११०/२२० चा स्विच नसतो, म्हणजे चुकायची सोयच नाही. एखाद्या रात्री बल्ब अचानक प्रखर झाले आणि पंखा वेगाने घुमायला लागला तर न्यूट्रल सुटलाय असं समजा आणि धावत मेन पाडा. वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की चार्जिंग थांबवून प्लग भिंतीतून काढा. स्विच बंद करणं पुरत नाही.

बॅटरी कुठे ठेवून चार्ज करायची हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर, मोकळ्या जागेत, गवताच्या पेंढ्या आणि कापडांपासून दूर, आणि तुम्ही त्याच खोलीत जागे असताना. फुगलेली बॅटरी लावायचीच नाही. हे मी सगळ्यांना सांगतो, कारण पेटलेली लिपो विझवणं फार अवघड असतं, बहुतेक वेळा तिला जळू द्यावं लागतं.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. आज करंट २.५ वर आणून बॅटऱ्या भरल्या असत्या. या आठवड्यात इन्व्हर्टर एका बॅटरीचा आहे का ते बघून फ्यूजची वायर तयार केली असती. मग अर्थिंग तपासून घेतलं असतं, आणि ते ठीक झाल्यावरच १२ व्होल्ट ३० अँपिअरचा सप्लाय आणला असता. अर्थ नसलेल्या बोर्डवर तो पत्र्याचा डबा लावू नका, एवढी माझी विनंती आहे.

एक मोजमाप मात्र आधी करून कळवा. ४एस बॅटरी २.५ अँपिअरवर चार्ज होत असताना चार्जरच्या इनपुट टर्मिनलवर मीटर लावा, अडॅप्टरच्या टोकाला नाही. ११.७ च्या वर असेल तर वायर आणि अडॅप्टर दोन्ही ठीक. त्याखाली असेल तर लगेच अडॅप्टरच्या टोकाला मोजा. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर दोष मधल्या वायरीत किंवा त्या गोल पिनेत आहे. फरक नसेल तर अडॅप्टर त्याच्या लेबलएवढं देत नाहीये, आणि करंट आणखी अर्ध्या अँपिअरने खाली घ्या.